दात शिवशिवतात, हिरडीतून रक्त येते. मग ब्रश कोणता घ्यावा?

नागपूरच्या धरमपेठेतील एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७. थंड पाण्याचा घोट घेतला की डाव्या बाजूच्या वरच्या सुळ्यातून आणि त्यामागच्या उपदाढेतून कळ निघते, संत्र्याच्या दिवसांत दात आंबतात, ब्रश करताना थुंकीत रक्त दिसते. दुकानात ‘सेन्सिटिव्ह’, ‘अल्ट्रा सॉफ्ट’, ‘जेंटल केअर’ अशी नावे वाचून गोंधळ होतो, आणि मऊ ब्रशने दात स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाहीत म्हणून त्या कित्येक वर्षांपासून मध्यम कडकपणाचा ब्रश वापरत आहेत. त्यांनी नेमका कोणता ब्रश घ्यावा?

ताई, उत्तराचा गाभा आधी सांगतो. आपण मऊ केसांचा, लहान डोक्याचा आणि केस एकाच उंचीवर सपाट कापलेला साधा ब्रश घ्यावा, आणि सध्याचा मध्यम ब्रश आजपासूनच बंद करावा. मात्र एवढेच सांगून मी थांबलो तर आपले काम अर्धेच होईल. नागपुरात दातांचा दवाखाना चालवताना मी असे बरेच रुग्ण पाहिले आहेत, ज्यांनी सांगितल्याप्रमाणे मऊ ब्रश घेतला, पण पूर्वीच्याच जोराने तो आडवा चालवला आणि वर्षभराने दाताच्या मानेवरची, म्हणजे हिरडीलगतच्या भागावरची, खाच अधिक खोल करून परत आले. सुरुवातीच्या काळात मीही ‘मऊ ब्रश घ्या’ एवढाच सल्ला देत असे. तो अपुरा होता, हे अशा रुग्णांकडूनच मला कळले.

कळ कोठून येते ते आधी पाहू. दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कवच असते आणि शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तोच आहे. हिरडीने झाकलेल्या मुळावर मात्र हे कवच नसते. तेथे सिमेंटमचा फार पातळ थर असतो, आणि हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडले की हा थर लवकर झिजून जातो. त्याखालच्या डेंटिनमध्ये प्रत्येक चौरस मिलिमीटरला हजारोंच्या संख्येने अतिसूक्ष्म नलिका असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. थंड पाणी, वाऱ्याची झुळूक, गोड पदार्थ किंवा ब्रशचा साधा स्पर्शही या द्रवाला हलवतो आणि दाताच्या आतल्या मज्जातंतूंना ते क्षणात जाणवते. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे मांडलेले हे स्पष्टीकरण आजही सर्वाधिक ग्राह्य मानले जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा की आपला दात किडलेला असेलच असे नाही. त्याच्या मानेवरचे संरक्षण गेलेले आहे.

आपण डावी बाजू सांगितली आणि सुळ्याचे नाव घेतले, त्यावरून मला बरेचसे कळले. आपण उजव्या हाताने ब्रश करीत असाल, तर हात वळताना पहिला आणि सर्वांत मोठा जोर डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर पडतो. त्यातही सुळ्याचे मूळ जबड्यात पुढे आलेले असते आणि त्यावरचे हाड व हिरडी दोन्ही पातळ असतात, त्यामुळे हिरडी सर्वांत आधी तेथून सरकते. आरशासमोर ओठ वर करून दोन्ही बाजूंचे सुळे पाहावेत. डावा सुळा उजव्यापेक्षा लांब दिसत असेल, किंवा हिरडीलगत नख अडकेल अशी पाचरीच्या आकाराची खाच जाणवत असेल, तर ब्रश करण्याच्या पद्धतीचा यात मोठा वाटा आहे असे समजावे.

आता ब्रशच्या केसांविषयी. नायलॉनचे केस असलेले ब्रश १९३८ साली अमेरिकेत बाजारात आले. त्यापूर्वी डुकराचे केस वापरले जात, आणि ते टोकाला चिरत, ओलावा धरून ठेवत. नायलॉनमुळे केसाची जाडी ठरवता येऊ लागली आणि टोक गोल घासता येऊ लागले. न्यू ऑर्लीन्सचे डॉ. चार्ल्स बॅस यांनी १९४०च्या दशकात सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या, गोल टोकाच्या केसांचा आग्रह धरला, आणि ‘मऊ’ म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर हे माप पाठ्यपुस्तकांत तेव्हापासून चालत आलेले आहे. मध्यम सुमारे ०.३, कडक सुमारे ०.४. दशांश मिलिमीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण केस जाड होत जातो तसा त्याचा ताठरपणा जाडीच्या मानाने कितीतरी अधिक वाढतो, आणि केस आखूड असला तर तो आणखी ताठ होतो. म्हणून ‘मऊ’ असे छापलेले दोन वेगवेगळे ब्रश हाताला सारखे लागत नाहीत.

मऊ ब्रशने दात स्वच्छ होत नाहीत, हा आपला अनुभव मी खोटा म्हणणार नाही, पण त्याचे कारण निराळे आहे. दातांवर रोज जमणारा जिवाणूंचा थर सायीसारखा मऊ असतो आणि तो मऊ केसाने पूर्ण निघतो. जो निघत नाही तो लाळेतील क्षार बसून दगडासारखा झालेला कीटण, आणि तो कडक ब्रशनेही निघत नाही, त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे दवाखान्यात उपकरणाने कीटण खरवडून काढणेच, करावे लागते. कडक केसांमुळे तोंडात जी खरखर जाणवते तिला आपण स्वच्छता समजतो. उलट दाताच्या आणि हिरडीच्या मधल्या चिरेत, जेथे थर सर्वाधिक साठतो, तेथे वाकून शिरण्याचे काम मऊ केसच करू शकतात. ताठ केस हिरडीच्या कडेवर अडतो आणि तिला खरचटतो.

येथे एक बाब आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिच्याबद्दल क्वचितच बोलले जाते. पेस्ट न लावता नुसता ब्रश घासला तर दाताची झीज नगण्य होते. झीज होते ती पेस्टमधल्या घासणाऱ्या बारीक कणांमुळे; ब्रश हे कण दातावर फिरवणारे साधन आहे. हिरडीचे मात्र उलटे आहे. तिला केसाच्या टोकाने थेट इजा होते. मऊ ब्रशने हिरडी वाचते, पण पेस्ट खरखरीत असेल आणि हात जड असेल तर डेंटिन झिजतच राहते. काही प्रयोगांत तर मऊ ब्रशचे दाट केस पेस्ट अधिक धरून ठेवतात आणि वाकल्यामुळे त्यांचा अधिक भाग दातावर घासला जातो, म्हणून डेंटिनची झीज कडक ब्रशइतकीच किंवा थोडी जास्तही आढळली आहे. यावरून मऊ ब्रश टाळावा असा अर्थ कृपया काढू नये. ब्रश मऊ घेतला म्हणून जोर लावायला मोकळीक मिळत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

सीताबर्डीच्या किंवा गोकुळपेठेच्या एखाद्या औषध दुकानात आपण उभ्या आहात आणि समोर पंचवीस ब्रश टांगलेले आहेत असे समजा. पाकिटावरच्या ‘सेन्सिटिव्ह’ या शब्दाकडे दुर्लक्ष करावे. ते नाव आहे, माप नाही. ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ हा शब्द शोधावा. नंतर डोक्याची लांबी पाहावी. ती शेजारशेजारच्या दोन दाढा झाकेल एवढी, म्हणजे दोन ते अडीच सेंटिमीटर असली की पुरते. मोठे डोके शेवटच्या दाढेच्या मागे पोहोचत नाही आणि सुळ्याच्या वळणावर एकाच वेळी तीन ठिकाणी टेकून नको तेथे दाब देते. केस सपाट कापलेले असावेत. मध्ये उंच, कडेला आखूड, टोकाशी रबराचे पंख अशा रचनांमुळे किंमत वाढते, पण उंच राहिलेले केस उघड्या मुळावर एकटेच सगळा दाब घेतात, म्हणून आपल्यासारख्या रुग्णाला मी त्या सुचवत नाही. दांडा सरळ आणि पकड न घसरणारी असली म्हणजे झाले. घरी आणल्यावर कोरडा ब्रश नखाच्या मुळाशी असलेल्या पातळ कातडीवर हलकेच फिरवून पाहावा. तेथे टोचत असेल तर टोके नीट गोल केलेली नाहीत आणि तो ब्रश हिरडीलाही टोचणार. महागडा ब्रश घेण्याची गरज नाही; जो ब्रश दर तीन महिन्यांनी विनासंकोच बदलता येईल, त्याच किमतीचा घ्यावा.

अतिमऊ ब्रशांविषयीही लोक विचारतात. निमुळत्या टोकाचे, किंवा हजारो बारीक केस दाटीवाटीने बसवलेले हे ब्रश हिरडीची शस्त्रक्रिया झाल्यावर, तोंड आलेले असताना, कर्करोगावरील उपचारांमुळे तोंडाची आतली त्वचा सोललेली असताना फार उपयोगी पडतात. आपल्या बाबतीत हिरड्या सुजलेल्या असतील तर पहिले दोन-तीन आठवडे असा ब्रश वापरायला हरकत नाही. कायमचा वापर करायचा असेल तर वेळ मात्र पूर्ण द्यावा लागतो, कारण घाईघाईने फिरवलेला अतिमऊ ब्रश थरावरून नुसता सरकून जातो.

विजेवर चालणारा ब्रश घ्यावा का, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो मनात येईलच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) ५६ चाचण्यांचा एकत्र विचार केला होता. तीन महिन्यांहून अधिक काळ असा ब्रश वापरणाऱ्यांत साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरील थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली. हा लाभ खरा आहे, पण साधा ब्रश नीट वापरणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे इतका मोठा नाही. ज्यांना हात हलका ठेवताच येत नाही, त्यांच्यासाठी जास्त दाब पडताच दिवा लावणारा किंवा गती कमी करणारा विजेचा ब्रश मी सुचवतो, तसेच संधिवातामुळे बोटे वळत नसलेल्या वृद्धांसाठीही. तोही दातावर फक्त टेकवायचा असतो. त्याने आणखी घासायचे नसते.

हात हलका म्हणजे किती, हे शब्दांत सांगणे कठीण जाते, म्हणून मी रुग्णांना स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायला सांगतो. काट्यावर ब्रशचे केस टेकवून रोज दातांवर देता तेवढा दाब द्यावा आणि आकडा पाहावा. दीडशे ते दोनशे ग्रॅमपर्यंत ठीक आहे. चारशे-पाचशेचा आकडा पाहून रुग्ण स्वतःच चकित होतात, आणि माझ्या दहा वाक्यांनी जे साधत नाही ते त्या एका आकड्याने साधते. ब्रश मुठीत धरण्याऐवजी लेखणीसारखा बोटांत धरला की जोर आपोआप निम्म्यावर येतो. केस हिरडीच्या कडेकडे ४५ अंशांच्या कोनात कलते ठेवावेत, जागेवरच थरथरल्यासारखी अगदी लहान हालचाल करावी आणि मग ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवावा. आपण वर्गात फळ्यावर लिहिता तसा आडवा हात चालवू नये. दोन मिनिटे पुरतात, तोंडाच्या प्रत्येक चतुर्थांशाला अर्धा मिनिट. सुरुवात मात्र रोज डाव्या सुळ्यापासून होत असेल तर ती बदलावी आणि खालच्या दाढांच्या आतल्या बाजूने सुरू करावे, म्हणजे ताजी पेस्ट आणि ताज्या हाताचा जोर उघड्या मुळावर पडणार नाही.

रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश न फिरवण्याची चूक बहुतेक जण करतात, आणि तेथेच आजार वाढतो. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. त्यामुळे मऊ ब्रशने, हलक्या हाताने, रक्त येणाऱ्या जागीच रोज दोन वेळा स्वच्छता करावी. कीटण साचलेला नसेल तर सात ते दहा दिवसांत रक्त कमी होताना दिसते. दोन दातांच्या मधल्या फटीत कोणताच ब्रश पोहोचत नाही. तेथे फ्लॉसचा दोरा, आणि हिरडी सरकून फट मोठी झाली असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश लागतो. तो ढकलून बसवू नये. सहज जाईल तेवढ्याच मापाचा घ्यावा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, किंवा तापासोबत अचानक हिरड्यांतून रक्त येऊ लागले असेल, तर ब्रशचा विचार बाजूला ठेवून आधी वैद्यांना भेटावे. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे.

विदर्भातल्या घरांत ब्रशइतकेच महत्त्व इतर वस्तूंना आहे आणि त्यांच्याविषयी मी कठोर आहे. राखुंडी, लाल मंजन, कोळशाची पूड या सगळ्या गोष्टी उघड्या डेंटिनवर पॉलिश पेपरसारख्या चालतात. मऊ ब्रश घेऊन त्यावर राखुंडी लावली तर निवडीचा उपयोग शून्य. गुडाखू हिरड्यांवर चोळणाऱ्या स्त्रिया आजही माझ्याकडे येतात. त्यात तंबाखू असते, आणि त्यामुळे दुखणे तात्पुरते बधिर होते म्हणून तिची सवय सुटत नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर तपकिरी डाग असतात. ते डाग एनॅमलच्या आतले असल्यामुळे घासून कधीच जात नाहीत, पण नागपुरात शिकायला आलेली तरुण मुले ते घालवण्यासाठी कडक ब्रशने वर्षानुवर्षे घासत राहतात आणि विशीतच दात शिवशिवण्याची तक्रार घेऊन येतात. खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) तोंड आखडलेल्या रुग्णांना मोठ्यांचा ब्रश आतच जात नाही. त्यांच्यासाठी लहान मुलांचा मऊ ब्रश हाच योग्य ब्रश आहे, आणि खर्रा त्याच दिवशी थांबवून तोंडाची तपासणी करून घेणे ब्रशपेक्षाही तातडीचे आहे.

आपण संत्र्यांचा उल्लेख केला. संत्रे खाणे बंद करू नका. संत्रे, लिंबू-सरबत, कैरीचे पन्हे यांतील आम्लामुळे दाताचा पृष्ठभाग काही काळ मऊ पडतो आणि त्या अवस्थेत ब्रश फिरवला तर तो थर घासून निघतो. म्हणून खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश करण्यापूर्वी किमान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर जाऊ द्यावा. सकाळी संत्र्याचा रस घेण्याची सवय असेल तर ब्रश त्याआधीच करून घ्यावा.

नायलॉनवर पाण्याच्या तापमानाचा परिणाम होतो, हेही आपल्या शहरात जाणवण्यासारखे आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापलेले असते की त्याने केस नरम होतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेच पाणी बर्फासारखे असते, केस ताठ राहतात आणि चूळ भरतानाच कळ जाते. हिवाळ्यात कोमट पाण्यात ब्रश अर्धा मिनिट बुडवून मग वापरावा आणि चूळही कोमट पाण्यानेच भरावी. वापरल्यावर ब्रश झटकून उभा ठेवावा. ओल्या ब्रशवर टोपण लावू नये, विशेषतः पावसाळ्यात. तीन ते चार महिन्यांनी ब्रश बदलावा. मात्र महिन्या-दीड महिन्यातच केस दोन्ही बाजूंना पसरले, तर दोष ब्रशचा नसून जोराचा आहे. फेकण्यापूर्वी जुना ब्रश एकदा निरखून पाहावा.

पेस्ट कमी खरखरीत घ्यावी. दात पांढरे करण्याचा दावा करणारी टाळावी. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मज्जातंतूची संवेदना हळूहळू कमी करते, पण तिचा परिणाम दिसायला रोजच्या वापराने दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ती बदलू नये. रात्री ब्रश झाल्यावर तिचा वाटाण्याएवढा भाग बोटाने सुळ्याच्या मानेवर लावून ठेवला तर अधिक उपयोग होतो.

मऊ ब्रश, हलका हात आणि ही पेस्ट यांनी महिनाभरात फरक पडला नाही, तर दंतवैद्यांकडे जावे. महिनाभर थांबू नये अशी लक्षणेही आहेत: गरम पदार्थाने कळ येऊन ती मिनिटभर टिकणे, रात्री झोपेतून जाग आणणारा ठणका, चावताना एकाच दातात टोचणे, हिरडीतून पू येणे, दात हलणे. यांपैकी काहीही दिसले तर कोणताही ब्रश बदलून उपयोग नाही. कीड आत गेलेली असते, दाताला तडा असतो किंवा हाड झिजत असते. खासगी दवाखान्याचा खर्च अडचणीचा वाटत असेल तर नागपुरातील मेडिकलजवळच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाजवळच्या) शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे स्केलिंग अल्प खर्चात होते. तपासणीला जाताना सध्या वापरात असलेला ब्रश आणि पेस्ट पिशवीत घालून सोबत न्यावेत. मी माझ्या प्रत्येक नव्या रुग्णाला हेच सांगतो, कारण तोंड उघडण्याआधीच तो ब्रश मला निम्मे निदान देऊन जातो.